'३७ ड्रायव्हर जुने आहेत' म्हणे. सगळे बदलायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ कोरं टाकलं. त्यानंतर आवाज गेला, वायफायचं चिन्हच दिसेना, आणि स्क्रीनवरची अक्षरं मोठी व भुरकट झाली. कोणीतरी 'ड्रायव्हर टाक' असं सांगितलं, म्हणून तुम्ही दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर अपडेट करणारं एक सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून चालवलं. त्याने ३७ ड्रायव्हर जुने असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं आणि ते सगळे एका बटणावर बदलून देण्यासाठी पैसे मागितले. ते घ्यावं का, आणि मुळात ड्रायव्हर ही काय चीज आहे, असं तुम्ही विचारलं आहे. शिवाय अधूनमधून येणारी निळी स्क्रीन आणि आता न चालणारा तुमचा जुना स्कॅनर यांचाही उल्लेख केला आहे.

आधी उत्तर देतो: ते घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपमध्ये ३७ अडचणी नाहीत. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तीन नक्की आहेत, फार तर पाच-सहा निघतील. त्या कोणत्या हे शोधायला दहा मिनिटं लागतात आणि त्यासाठी लागणारं सगळं विंडोजमध्येच आहे. 'माझे ड्रायव्हर जुने आहेत का' असा प्रश्न तुम्हाला पडलाय, कारण त्या सॉफ्टवेअरने तो तसा मांडला. मी तुमच्या जागी 'माझ्या लॅपटॉपमधल्या कोणत्या भागाला ड्रायव्हरच मिळालेला नाही' हे विचारीन. संगणक दुरुस्तीच्या माझ्या वीसेक वर्षांत ड्रायव्हर जुना असल्यामुळे बिघडलेली मशीन थोडी आली आणि न जुळणारा ड्रायव्हर बसवल्यामुळे बिघडलेली खूप आली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रायव्हर म्हटलं की गाडीचा चालक डोळ्यांसमोर येतो. मला त्यापेक्षा माहूत जवळचा वाटतो. अंबारीतला राजा 'उजवीकडे घ्या' एवढंच म्हणतो. त्यासाठी हत्तीच्या कानामागे कुठे पाय दाबायचा आणि अंकुश कुठे टेकवायचा, हे माहुताला ठाऊक असतं. राजाला ते शिकावं लागत नाही. आणि एका हत्तीला सवयीचा असलेला माहूत दुसऱ्या हत्तीवर बसवला, तर हत्ती जागचा हलेलच असं नाही.

संगणकात राजाच्या जागी ऑपरेटिंग सिस्टीम असते, म्हणजे तुमच्याकडे विंडोज. तुम्ही गाणं लावता तेव्हा गाण्याचं सॉफ्टवेअर आवाजाचे नमुने विंडोजच्या हवाली करतं, साधारणपणे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. इथून पुढचं काम साउंड ड्रायव्हरचं. हे नमुने मेमरीत कुठे ठेवलेत, कोणत्या वेगाने उचलायचे, स्पीकरला पाठवायचे की हेडफोनला, हे तो साउंड चिपच्या ठरावीक कप्प्यांमध्ये आकडे लिहून तिला कळवतो. दिलेले नमुने संपत आले की चिप त्याला इशारा देते आणि तो पुढचे देतो. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिल्यावर काय होतं हे प्रत्येक चिपमध्ये वेगळं असतं, आणि ते तिच्या कंपनीलाच नीट माहीत असतं. ती माहिती ज्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेली असते, तो ड्रायव्हर.

हा मधला माणूस नसता तर काय झालं असतं, ते मी डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, काळात पाहिलेलं आहे. तेव्हा प्रत्येक गेम स्वतःपुरता ड्रायव्हर घेऊन यायचा. सुरू करण्याआधी तो विचारायचा की साउंड कार्ड कोणतं, पोर्ट २२० का, इंटरप्ट ५ की ७, डीएमए १ का. एक आकडा चुकला की गेम मुका व्हायचा, नाहीतर संगणकच गोठायचा. लेखनाच्या सॉफ्टवेअरसोबत निरनिराळ्या प्रिंटरच्या फाइलींनी भरलेल्या फ्लॉप्या यायच्या. तुमचा प्रिंटर त्या यादीत नसला तर छापणं विसरायचं. पुढे ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमने घेतली आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, तेव्हा 'यंत्र जोडा, बाकी आम्ही ओळखू' ही पद्धत घरोघरी पोचली. आज एकच ड्रायव्हर बसवला की ब्राउझर, गेम, व्हिडिओ कॉल सगळ्यांना आवाज मिळतो, तो त्या बदलामुळे.

आता तुम्हाला प्रश्न पडेल की मग कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह काही न टाकता कसे चालले? त्यांनाही ड्रायव्हर लागतोच. पण यूएसबीच्या नियमांमध्ये यंत्रांचे वर्ग ठरवलेले आहेत. कीबोर्ड-माउसचा एक वर्ग, साठवणुकीच्या यंत्रांचा दुसरा, वेबकॅमचा तिसरा. त्या वर्गाचे नियम पाळणारं कुठल्याही कंपनीचं यंत्र विंडोजमधल्या एकाच सामाईक ड्रायव्हरवर चालतं. तुमच्या स्क्रीनचंही थोडंफार असंच झालंय. ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर मिळेपर्यंत विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतं. त्याला चित्र दाखवता येतं, पण चिपची ताकद वापरता येत नाही. रिझोल्यूशन अडकून राहतं, व्हिडिओ अडखळतो, ब्राइटनेस कमी-जास्त करायची सोयसुद्धा बऱ्याचदा गायब होते. तेव्हा तुमची स्क्रीन बिघडलेली नाही, एवढी खात्री बाळगा.

एखादा ड्रायव्हर जुळतो की नाही हे विंडोज कसं ओळखतं, ही यातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या यंत्रांची विंडोजने ठेवलेली यादी, उघडा. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की तो यादीत दिसेल. ज्या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल त्यावर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स' या भागात जा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे एक लांबलचक ओळ दिसेल. मदरबोर्डला जोडलेल्या यंत्रांच्या ओळीत बहुतेक 'व्हेन' आणि 'डेव्ह' असे दोन भाग असतात, यूएसबीच्या यंत्रांत 'व्हिड' आणि 'पिड'. पहिला भाग म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि दुसरा म्हणजे त्या कंपनीच्या नेमक्या चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ मध्ये आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रियलटेक. संगणक सुरू होताना प्रत्येक यंत्र हा क्रमांक सांगतं, आणि विंडोज आपल्या साठ्यात तो क्रमांक ज्याच्यावर लिहिलाय असा ड्रायव्हर शोधतं. डब्यावर छापलेलं नाव, स्टिकर, मॉडेल यातलं काहीही विंडोजला दिसत नाही, त्याला फक्त हा क्रमांक दिसतो.

या क्रमांकावर किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण २०१४ मध्ये घडलं. एफटीडीआय ही कंपनी यूएसबीवरून सिरियल जोडणी करून देणाऱ्या चिपा बनवते, आणि त्या चिपांच्या नकला बाजारात भरपूर होत्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांपर्यंत गेला आणि त्याने नकली चिप सापडली की तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. चिप शाबूत होती, पण विंडोजला ती ओळखू येईना. आपण नकली चिप विकत घेतलीय हे ज्यांच्या गावीही नव्हतं, अशांची यंत्रं बंद पडली. मोठा आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

त्याच लांब ओळीत 'सबसिस' नावाचा आणखी एक भाग असतो. लॅपटॉपवाल्यांनी त्याकडे जास्त लक्ष द्यावं. तो चिपच्या कंपनीचा नसून लॅपटॉप जुळवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो. एकच साउंड चिप दहा लॅपटॉपमध्ये असली, तरी तिचा कोणता पाय स्पीकरला जोडलाय, कोणता माइकला, हेडफोन खुपसल्याचं कोणत्या पायावरून कळतं, ही तारजोडणी प्रत्येकाने आपल्या सोयीने केलेली असते. चिपचं नाव बघून दुसरीकडचा ड्रायव्हर बसवला तर तो 'बसतो', डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं आणि तरीही आवाज येत नाही.

एका कार्यालयात मला हेच भोगावं लागलं. एकाच मॉडेलचे चौदा लॅपटॉप होते. तिथल्या एका हौशी कर्मचाऱ्याने असंच एक अपडेट करणारं सॉफ्टवेअर सहा मशीनवर चालवलं. दुसऱ्या दिवशी त्या सहाही जणांचा आवाज बैठकीत कोणाला ऐकू जाईना. त्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं, पण माइक मुका. मी आधी सेटिंग्ज तपासल्या, परवानग्या तपासल्या, एका मशीनचा माइकसुद्धा खोलून पाहिला. अर्धा दिवस गेल्यावर चांगल्या आणि बिघडलेल्या मशीनमधल्या साउंड ड्रायव्हरच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. बिघडलेल्यांवरचा ड्रायव्हर दीड वर्षांनी नवा होता, चिपही तीच लिहिलेली होती, फक्त तो दुसऱ्या तारजोडणीसाठी बनवलेला होता. जुना परत बसवल्यावर सहाही माइक चालू झाले. त्या दिवसापासून लॅपटॉपचा ड्रायव्हर मी आधी लॅपटॉपच्या कंपनीकडेच शोधतो, चिपच्या कंपनीकडे नंतर.

आता तुमचे ते ३७. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज' किंवा 'कीबोर्ड्स' उघडून कोणत्याही नोंदीच्या ड्रायव्हरची तारीख बघा. अगदी नव्या संगणकावरही तिथे २१ जून २००६ दिसेल. ही तारीख चुकून पडलेली नाही. एका यंत्राला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या सामाईक ड्रायव्हरांवर खरी तारीख टाकली असती, तर विंडोजच्या प्रत्येक अपडेटनंतर ते जास्त ताजे ठरले असते आणि यंत्राच्या कंपनीचा खास ड्रायव्हर बाजूला पडला असता. तसं होऊ नये म्हणून त्यांच्यावर मुद्दाम ही जुनी तारीख गोठवून ठेवली आहे. आतला मजकूर विंडोजच्या अपडेटसोबत बदलत असला तरी तारीख तीच. इंटेल तर आणखी मागे गेली. तिच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांच्या) बऱ्याच फाइलींवर १८ जुलै १९६८ ही तारीख असते, तो कंपनीच्या स्थापनेचा दिवस. शिवाय त्या फाइलींत चालणारं सॉफ्टवेअर जवळजवळ नसतंच, मदरबोर्डवरच्या भागांना योग्य नाव देणारा मजकूर असतो.

फक्त तारीख बघून 'जुना' ठरवणारं सॉफ्टवेअर या सगळ्यांना लाल रंग देणार. माझा अंदाज असा आहे की तुमच्या ३७ पैकी बहुतेक याच जातीचे असतील. पैसे देऊन ते 'ताजे' केलेत तर चालू असलेली यंत्रं धोक्यात घालाल, आणि ज्या तिघांसाठी ही धडपड चालली आहे त्यांना नेमका ड्रायव्हर मिळेल याची हमी नाहीच.

धोका हा शब्द मी हलकेच वापरलेला नाही. आपली रोजची सॉफ्टवेअर विंडोजने आखून दिलेल्या कुंपणात चालतात. ब्राउझर कोसळला तर ब्राउझरच बंद होतो. बहुतेक ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच चालतात, कारण त्यांना थेट हार्डवेअरला हात घालायचा असतो. तिथे कुंपण नाही. तिथल्या ड्रायव्हरने भलत्या जागची मेमरी वाचायचा प्रयत्न केला, तर चूक पुढे पसरू नये म्हणून विंडोज सगळा संगणकच थांबवतं. हीच ती निळी स्क्रीन. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, बँका आणि रुग्णालयांचे संगणक एकाच वेळी निळे पडले, ते यामुळेच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक भाग ड्रायव्हर म्हणून कर्नलमध्ये चालतो. त्या दिवशी त्याला पुरवलेल्या माहितीच्या फाइलीत २१ रकान्यांची अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात २० च मिळत होते. एकविसावा वाचायला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्यात सापडले, आणि त्यांतल्या कितीतरींना प्रत्यक्ष माणूस पाठवून, सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल काढावी लागली.

म्हणून ६४ बिट विंडोज डिजिटल सही (तो कोणाकडून आला याची खूण) नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घेत नाही, आणि विंडोज १० च्या काळापासून नव्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्टची स्वतःची सही लागते. पण सही म्हणजे तो ड्रायव्हर निर्दोष, असं नव्हे. २०२२ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' या गेममधल्या, फसवणूक पकडण्यासाठी बनवलेल्या ड्रायव्हरमधली उणीव हल्लेखोरांनी वापरली. गेम नसलेल्या संगणकावरही त्यांनी तेवढाच ड्रायव्हर स्वतः आणून बसवला. सही खरी होती, त्यामुळे विंडोजने तो घेतला, आणि त्याच्या आडून अँटिव्हायरस बंद पाडून त्यांनी खंडणीचं सॉफ्टवेअर चालवलं. कुठून तरी मिळालेले 'सगळ्या ड्रायव्हरांचे संच' मी वापरत नाही, ते यासाठी. तुम्ही ज्याला आत घेताय त्याला घरातल्या प्रत्येक खोलीची किल्ली मिळणार असते.

इथवर तीन गोष्टी आल्या: ड्रायव्हर क्रमांकाने जुळतो, लॅपटॉपमध्ये जुळवणाऱ्या कंपनीची तारजोडणीही जुळावी लागते, आणि तारीख जुनी असणं हा दोष नाही. आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

ते सॉफ्टवेअर काढून टाका. नेट नसल्यामुळे ड्रायव्हर मिळत नाही आणि ड्रायव्हर नसल्यामुळे नेट चालत नाही, अशी तुमची कोंडी झाली आहे. ती फोडायला ॲन्ड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेथरिंग' चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे फोनचं नेट थेट मिळतं. मग विंडोज अपडेट चालवा, आणि त्यातल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'ऑप्शनल अपडेट्स'ही उघडून बघा. ड्रायव्हर बऱ्याचदा तिथे वाट बघत बसलेले असतात. झाल्यावर रीस्टार्ट करा, पुन्हा अपडेट शोधा, पुन्हा रीस्टार्ट करा. काही ड्रायव्हर आधीचा बसल्यावरच दिसू लागतात, म्हणून दोन फेऱ्या कराव्यात. मधेच स्क्रीन काळी होऊन एकदम स्वच्छ झाली तर समजा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला. माझ्या अनुभवात एवढ्यावरच बहुतेक लॅपटॉप मार्गी लागतात.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ज्यांच्यापुढे पिवळा त्रिकोण उरलाय तेवढ्यांकडेच बघायचं. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' असं दिसलं तर ते बहुतेक इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन असतं, 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर राहिलाय. नाव 'अननोन डिव्हाइस' असेल तर वर सांगितलेली हार्डवेअर आयडीची ओळ नेटवर शोधा, कोणती चिप ते लगेच कळेल. पण ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून, खालच्या बाजूला छापलेला सिरियल क्रमांक किंवा सर्व्हिस टॅग टाकून. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं बसवलेले लॅपटॉप मी कितीतरी पाहिलेत. मी आधी चिपसेट, मग नेटवर्क, मग ग्राफिक्स, मग साउंड आणि शेवटी टचपॅड व खास बटणं, असा क्रम ठेवतो. काही जण म्हणतात की आता क्रमाने काही फरक पडत नाही आणि नव्या मशीनवर ते बऱ्याच अंशी खरं आहे. तरी चिपसेट आधी टाकण्यात माझा कधी तोटा झालेला नाही.

त्रिकोणावर क्लिक केल्यावर जो कोड दिसतो तोही नोंदवून ठेवा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, ही सर्वांत सोपी अवस्था. १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकलं नाही. ५२ म्हणजे सही पटली नाही. ४३ म्हणजे यंत्रानेच आपल्यात बिघाड असल्याचं कळवलंय. ग्राफिक्स कार्डवर ४३ आला तर ड्रायव्हर एकदा पुसून पुन्हा टाकून बघा, पण त्यानंतरही तोच आला तर कार्डाकडे संशयाने बघा.

सगळं चालू झालं की त्याच दिवशी आणखी एक काम करा. विंडोजसोबत येणारं 'पीएनपीयूटिल' हे साधन कमांड प्रॉम्प्टमधून बाहेरचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून देतं. तो फोल्डर पेनड्राइव्हवर जपून ठेवा. पुढच्या वेळी विंडोज कोरं टाकलंत तर डिव्हाइस मॅनेजरला तो फोल्डर दाखवायचा, बस. माझ्याकडे येणारं कोणतंही मशीन फॉरमॅट करण्याआधी मी हे करतोच.

पुढे अपडेट कधी करायचे, हे तुमच्या वापरावर आहे. नवे गेम खेळत असाल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताजा ठेवण्यात फायदा आहे, कारण त्या कंपन्या प्रत्येक मोठ्या गेमसाठी खास दुरुस्त्या करतात. सुरक्षेतली उणीव बुजवणारा ड्रायव्हर आला असेल, तर वापर कोणताही असो, तो घ्यावा. वायफाय तुटत असेल, झोपेतून उठल्यावर लॅपटॉप गोठत असेल, तर त्या त्या यंत्राचा नवा ड्रायव्हर बघण्यात अर्थ आहे. यांपैकी काहीच नसेल तर विंडोज अपडेट जे देतं तेवढं पुरे. आणि एका वेळी एकच बदला. बिघडलंच तर त्या यंत्राच्या 'ड्रायव्हर' भागातलं 'रोल बॅक ड्रायव्हर' जुना परत आणतं. पाच बदलून मग बिघडलं तर कोणता मागे न्यायचा हेच कळत नाही.

बायोस किंवा फर्मवेअर मात्र याच ओघात अपडेट करू नका. ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, फर्मवेअर यंत्राच्या आतल्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. लिहिताना वीज गेली तर मशीन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. ते काम वेगळ्या दिवशी, चार्जर लावून, कारण असेल तरच.

निळ्या स्क्रीनबद्दलही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. दर वेळी एकाच ड्रायव्हरच्या फाइलीचं नाव येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्यावा. दर वेळी नाव वेगळं, कोडही वेगळा, तर मी आधी रॅम तपासतो. एका मशीनवर मी ग्राफिक्स, वायफाय आणि साउंड असे तीन ड्रायव्हर ओळीने बदलले, कारण स्क्रीनवर आळीपाळीने तिघांची नावं येत होती. तिघेही निर्दोष होते. रॅमची एक पट्टी सदोष होती, आणि त्या जागेत ज्याचा मजकूर जाऊन बसे त्याचं नाव पुढे येई. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर तो प्रकार वेगळा. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिला आणि तिच्या ड्रायव्हरला नव्याने सुरू करतं. कधीतरी झालं तर सोडून द्या. रोज होत असेल तर ड्रायव्हर, तापमान आणि वीजपुरवठा या तिन्हींकडे बघावं लागतं.

तुमच्या जुन्या स्कॅनरचं मात्र मला वाईट वाटतं. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजच्या कर्नलमध्ये चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कंपनीने ६४ बिटचा बनवलेला नसेल तर धडधाकट यंत्र ड्रायव्हरअभावी अडगळीत जातं. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांच्यापुढे १९८० च्या सुमारास अशाच जातीचा प्रश्न आला होता. कागद अडकला की लोकांना कळवण्याची सोय त्यांनी जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून घेतली होती. नव्या लेझर प्रिंटरचं मूळ सॉफ्टवेअर त्यांना द्यायला नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामागे हा अनुभव होता, आणि पुढे त्याच परंपरेत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम वाढली. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि त्यांचा मूळ मजकूर खुला असतो, त्यामुळे कंपनीने सोडून दिलेली यंत्रंही कोणीतरी सांभाळत राहतं. स्कॅनरसाठी तिथे 'सेन' नावाचा प्रकल्प आहे. त्याच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का बघा. असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, लॅपटॉपवर काहीही न बसवता तो चालतो की नाही हे तासाभरात कळेल.

हे सगळं करूनही आवाज किंवा वायफाय परतलं नाही तर पुन्हा लिहा, पण चार गोष्टींसह: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, विंडोजची आवृत्ती, त्रिकोणावरचा कोड आणि हार्डवेअर आयडीची अख्खी ओळ, 'सबसिस'च्या भागासकट. सिरियल क्रमांक मात्र उघड्यावर टाकू नका, तो मला लागणारही नाही.